शेतात रानडुकरं येतात, माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. मारलं तर चालेल का?

परवानगीशिवाय नाही. बंदुकीचा परवाना वेगळा आणि शिकारीची परवानगी वेगळी. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 प्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी वनखातं देऊ शकतं. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता ठरतं, मटण घरी नेलं की गुन्हा.

आता खरी काळजीची गोष्ट. रात्री ज्वारीत सळसळ झाली म्हणून आवाजावर बार टाकायचा नाही, कधीच नाही. तिथे शेजारचा माणूस जागलीला आलेला असू शकतो. बॅटरीच्या उजेडात पूर्ण जनावर दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही. शक्यतो माळ्यावरून (मचाणावरून) खाली नेम धरा, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते. बांधावरच्या दगडावर आपटली तर कुठे उडेल सांगता येत नाही. माळ्यावर चढताना-उतरताना बंदूक रिकामी, आणि नेम धरून होईपर्यंत बोट घोड्याबाहेर (चापाबाहेर). बिनआट्याच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम 25-30 मीटरपुढे भरवशाचा नसतो. जखमी डुक्कर सरळ अंगावर येतं.

कुंपणात थेट लाइनचा करंट मात्र सोडू नका, त्यात माणसं मेली आहेत. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून क्षणभराचा झटका देणारं यंत्र, वापरा. आणि नुकसानभरपाईसाठी पीक आवरण्याआधी फोटो काढून लगेच अर्ज द्या, पंचनामा शेतात दिसणाऱ्या नुकसानीचाच होतो.