शुगर उतरली नाही म्हणून सीपॅप बंद करायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टाइप २ मधुमेह, झोपेच्या तपासणीत अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार अडकणं) निघाला, एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा अपुरा पडतो तो आकडा) ३४, म्हणून डॉक्टरांनी सीपॅप दिलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. दोन महिने रोज लावलं, पहाटे तीन-चारला लघवीला उठता तेव्हा काढून ठेवता. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ८.१ होतं, आता ८. मग एवढी नळी तोंडाला लावून मिळालं काय, आणि वजन उतरवलं तर ती सुटेल का?

मी डॉक्टर नाही. मधुमेही आहे, बरीच वर्षं सीपॅपवर झोपतो आणि या विषयावरचं वाचत असतो, त्या बळावर लिहितोय.

आधी कटू भाग. सीपॅप हे शुगरचं औषध नाही. २००७ साली ब्रिटनमधल्या एका छोट्या चाचणीत मधुमेहींना तीन महिने सीपॅप देऊन पाहिलं, एचबीए१सी हललं नाही. २०१६ मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीत सहा महिन्यांनी साधारण ०.४ चा फायदा दिसला. तीही मोठी चाचणी नव्हती. त्यामुळे 'मशीन लावा, शुगर आपोआप खाली येईल' असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा.

पण खोट नुसती मशीनमध्ये शोधू नका, तासांमध्येही शोधा. श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, यकृत साखर सोडतं आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. ३४ एएचआय म्हणजे हे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा. आता यातलं सगळ्यात वाईट घडतं रेम झोपेत, म्हणजे स्वप्नांच्या झोपेत. तेव्हा घशाचे स्नायू अगदी ढिले पडतात, श्वास जास्त वेळ अडकतो. आणि रेमचा मोठा वाटा असतो रात्रीच्या उत्तरार्धात. २०१४ च्या एका अभ्यासात मधुमेहींच्या एचबीए१सीचा संबंध रेममधल्या अ‍ॅप्नियाशी दिसला, बाकीच्या झोपेतल्या अ‍ॅप्नियाशी तसा दिसला नाही. सुरुवातीचे चार तासच मशीन लावलं तर निम्म्याहून जास्त रेम झोप उपचाराविना जाते. तुम्ही मशीन काढता ते नेमकं त्याच वेळी! दोन महिने वापर झाला खरा, पण जिथं गरज जास्त तिथं तो झालेलाच नाही.

म्हणून आधी बघा, पहाटे मशीन निघतं का. तुमच्या बाबतीत कारण लघवी आहे, आणि इथं एक गंमत आहे. मधुमेही माणूस रात्री तीनदा उठला की घरचे, शेजारचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा शुगरवर खापर फोडतात. पण लघवीत साखर उतरायला रक्तातली शुगर साधारण १८०च्या वर जावी लागते. ती त्याखाली असूनही फेऱ्या चालू असतील तर संशय अ‍ॅप्नियावर घ्यावा. बंद घशातून श्वास ओढताना छातीत उलटा दाब तयार होतो, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, आणि 'पाणी जास्त झालंय' असं समजून हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. पूर्ण रात्र सीपॅप लावलं की अनेकांच्या फेऱ्या कमी होतात. तुम्ही डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनवर असाल तर मात्र वरचं गणित लागू नाही. त्या गोळ्या लघवीतूनच साखर काढतात. त्या रात्री घेत असाल तर सकाळी घेता येतील का, हे विचारून घ्या.

आणि उठताना मास्क काढायचाच नाही. नळी मास्कपासून सुटी करता येते. जाऊन या, परत जोडा. मास्क एकदा उशाशी ठेवला की झोपेत परत कोण लावतंय?

तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर (मशीनमधला हवेला ओलावा देणारा भाग) वाढवा, तरीही पडत असेल तर झोपेत तोंड उघडत असणार, मास्कचा प्रकार बदलून मागा. हवा गळत असेल तर पट्टे आवळत बसू नका. आकार चुकलाय. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता नकोत, आणि झोपण्यापूर्वीची दारू तर नकोच. तिनं घसा आणखी ढिला पडतो.

शुगर सोडून बाकी काय मिळतं? दिवसाची पेंग जाते, रक्तदाब थोडा उतरतो. हृदयविकाराचं म्हणाल तर २०१६ च्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत, ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता अशा लोकांत, सीपॅपनं झटके कमी झाले नाहीत. पण तिथंही सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. पेंग आणि मनःस्थिती मात्र त्या लोकांचीही सुधारली. गाडी चालवत असाल तर तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रात्रीच्या घामाकडे आणि सकाळच्या डोकेदुखीकडे लक्ष ठेवा. दोन्ही अ‍ॅप्नियानं होतात, दोन्ही शुगर घसरल्यानंही होतात. अंदाज बांधू नका, पहाटे जाग आली की बोट टोचून बघा.

आता वजन. शुगर आणि अ‍ॅप्निया दोन्हींवर एकदम काम करणारं तेच आहे. अमेरिकेतल्या २००९ च्या अभ्यासात लठ्ठ मधुमेहींनी आहार-व्यायामानं वर्षात सरासरी १०.८ किलो घटवले आणि एएचआय चांगला उतरला; चार वर्षांनी जवळजवळ निम्मं वजन परत आलं तरी फायदा टिकून होता. पण अ‍ॅप्निया पूर्ण गेलेले थोडेच. टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. मात्र ज्या चाचण्यांवर ती मिळाली त्यांत मधुमेही घेतलेच नव्हते, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. मधुमेहासाठी ते औषध आहेच, तेव्हा विचारायला हरकत नाही. फक्त तुमच्या एएचआयचे आकडे तिथल्यासारखेच उतरतील असं धरून चालू नका.

तेव्हा वजन उतरवा, पण तोवर मशीन चालू ठेवा. घोरणं थांबलं म्हणून स्वतःच्या मनानं काढू नका. घोरणं कमी होऊनही श्वास अडकत राहू शकतो. वजन चांगलं उतरलं की झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या आणि त्या रिपोर्टवर ठरवा. पुढच्या भेटीला मशीनमधला वापराचा रिपोर्टही सोबत न्या: किती तास लावलं, हवा किती गळली, मशीन चालू असताना एएचआय किती राहिला. तो ५च्या वर असेल तर दाब बदलायला हवा का, हे तिथंच विचारा.