पक्षाघातानंतर वडील ताटातल्या डाव्या बाजूचं काहीच खात नाहीत. नजर गेली असेल का?

बहुधा नाही, अनेकदा डोळे ठीक असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली की हे होऊ शकतं, डॉक्टर त्याला ‘निग्लेक्ट’ म्हणतात. म्हणून भाजी-आमटी संपते आणि मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहते. १९७८ साली बिसियाक आणि लुझाती या संशोधकांनी इटलीतल्या मिलानमधल्या अशा दोन रुग्णांना तिथला ओळखीचा कॅथेड्रलचा चौक मनात आणायला सांगितला. कॅथेड्रलसमोर उभं असल्याची कल्पना केल्यावर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. उलट टोकाकडून कल्पना केल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती बरोबर आठवल्या! आठवण शाबूत होती, डोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे वडिलांवर कृपा करून रागावू नका, त्यांना खरंच कळत नसतं. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा, ती दिसेपर्यंत मान वळवायला सांगा. मात्र पक्षाघातात डाव्या बाजूची दृष्टीही जाऊ शकते, कधी दोन्ही एकदम होतं. म्हणून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्याच. तोवर रस्ता ओलांडताना त्यांना एकटं सोडू नका.