बाईंना विचारा

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. राखणीला नेपाळी जोडपं आहे, त्यांचा मुलगा यंदा माझ्या मुलाच्याच वर्गात आला. त्याला ‘ळ’ म्हणता येत नाही, ‘केळं’ला ‘केलं’ म्हणतो. पोरं त्याला वेडावतात आणि त्यात आमचे चिरंजीव सगळ्यांत पुढे. आता तर तो मुलगा वाचायला उभाच राहत नाही म्हणे. मी माझ्या मुलाला वर्गासमोर सॉरी म्हणायला लावलं. म्हणाला, आणि घरी येऊन त्या सॉरीचीच नक्कल करून दाखवली! शाळेत दयाळूपणाचा तक्ता लावलाय. चांगलं काम केलं की चांदणी. तर हा दुसऱ्याची पेन्सिल मुद्दाम खाली पाडतो आणि उचलून देतो. सगळ्यांत जास्त चांदण्या त्याच्याच आहेत. तो दुष्ट नाही हो, पण त्याला दुसऱ्याचं मन कळतच नाही. काय करू?
— एक आई, ता. रत्नागिरी

उत्तर : पेन्सिलीचं वाचून मी मोठ्यानं हसले, आधी तेवढं कबूल करते. दुसऱ्याचं मन कळत नाही म्हणता? बाई कुठे बघतात, त्यांना काय आवडतं, चांदणी कशावर मिळते, हे त्याला नेमकं कळलंय. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्या मनाकडे बघायचं कारण त्याला अजून कुणी दिलेलं नाही, एवढंच.

तक्त्याबद्दल शाळेशी बोला, पण भांडू नका. हेतू चांगलाच असतो. फक्त बाईंना एक गोष्ट सांगा. जर्मनीत लायपझिगच्या संशोधन संस्थेतल्या वार्नेकेन आणि टोमासेलो या दोघांनी 2008 साली जेमतेम वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडते, मूल ती उचलून देतं. काही मुलांना त्याबद्दल खेळणं दिलं, काहींचं तोंडी कौतुक केलं, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत खेळणं मिळालेली मुलं मदतीला कमी उठली. कौतुकवाली आणि काहीच न मिळालेली मात्र पहिल्यासारखीच उठत राहिली. म्हणजे मदत करायची हौस मुलांत असतेच, बक्षीस लावून ती आपणच घालवतो. तुमच्या मुलाची तर आता दुकानदारी सुरू झाली आहे.

वर्गासमोरची सॉरी मला मुळीच पटत नाही. त्यात एका मुलाची मान खाली जाते आणि दुसऱ्याला पुन्हा सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. ज्याला आधीच उभं राहायची भीती वाटते, त्यालाच आपण परत उभं केलं! सॉरीऐवजी घरी, जेवणं झाल्यावर, तो शांत असताना सरळ विचारा, ‘तुम्ही हसल्यावर त्याने पुस्तक काय केलं? मधल्या सुट्टीत तो कुठे होता? खिचडी खायला कुणाशेजारी बसला?’ उत्तर येणार नाही, कारण त्याने पाहिलेलंच नाही. मग ‘उद्या बघून सांग’ म्हणा, एवढंच. ‘तुला कुणी असं केलं तर?’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो, आणि त्याचं पाठ उत्तर मुलांकडे तयार असतं.

‘ळ’चं म्हणाल तर तो आवाज नेपाळीत नाहीच, मग त्या पोराने आणायचा कुठून? लिपी मात्र आपलीच, देवनागरी. अक्षरं त्याच्या घरची आहेत, भाषा परकी आहे. हे वर्गातल्या किती जणांना ठाऊक असेल? आंब्याला नेपाळीत आँप म्हणतात, माकडाला बाँदर, मित्राला साथी. बाईंना म्हणावं, एखाद्या शनिवारी फळ्यावर नेपाळी शब्द लिहू द्या, पण आधी त्याला एकट्याला विचारून. नको म्हणाला तर राहू द्या. माझ्या वर्गात असंच एक पोर आईबापांबरोबर बागेत राहायचं. चार शब्द शिकवून झाल्यावर ते मराठी पोरांचे नेपाळी उच्चार सुधारायला लागलं, आणि काय कडक मास्तर निघालं म्हणता! हसणारे होतेच, पण आता हसू दोन्ही बाजूंनी होतं.

आता तुम्हाला न आवडणारं. तुमच्या पानभर पत्रात त्या मुलाचं नाव कुठेच नाही. तुमच्या मुलाचं पुसट झालेलं नाव मला वाचता आलं (छापलं नाही, काळजी नसावी). मग घरात त्याच्या आईबापांना काय हाक मारता? ‘ए नेपाळी’ ही हाक आपल्याकडे बागाबागांतून ऐकू येते, वर्षानुवर्षं राखण करणाऱ्यालासुद्धा. त्यांचा चहा पडवीच्या कडेला, कान तुटलेल्या वेगळ्या कपात जातो का? तुमच्याकडे तसं नसेल तर सोडून द्या. असेल तर मात्र शाळेला आणि पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने जे पाहिलं तेच वर्गात नेलं. हाका बदला, कप बदला, पण ‘बघ हं, आता आपण त्यांना नावाने हाक मारायची’ असं भाषण करू नका. न बोलता बदला. तिसरीतलं पोर आहे, त्याच्या लक्षात येतंच.

आणखी एक. पाऊस तोंडावर आला की यातली बरीच कुटुंबं मुलुखाला जातात आणि पोरांची शाळा तुटते. तुमच्याकडचं जोडपं जाणार असेल तर मुख्याध्यापकांकडून मुलाचा दाखला घ्यायला तुम्ही स्वतः बरोबर जा, चिरंजिवांना घेऊन. चांदणी मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : पाच वर्षांचा नातू समुद्रावर गेला की कुर्ल्या पकडतो आणि त्यांचे पाय मोडतो. सून म्हणते, हा पुढे क्रूर निघेल. मला तसं वाटत नाही.
— एक आजोबा, गुहागर

उत्तर : मलाही नाही वाटत. पाचव्या वर्षी आत काय आहे, तुटल्यावर पुन्हा चालते का, ही उत्सुकताच असते. शिवाय रविवारी कालवणाला आपणही कुर्ल्यांचे पाय मोडतोच, तेव्हा पापपुण्याचं व्याख्यान त्याला पटायचं नाही. नियम साधा ठेवा. बघायचं ते वाकून, उचलली तर जिथून उचलली तिथेच सोडायची. बिळातून बाहेर येईपर्यंत न हलता बसायची पैज लावा, आजोबा बहुधा हरतील. मात्र तो लपून, पुन्हापुन्हा, प्राणी तडफडतोय हे बघून खूश होत करत असेल किंवा लहान भावंडांनाही दुखवत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, बोलून घ्या.

आणि त्याला एकदा वेळासला न्या. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी तिथल्या किनाऱ्यावर 2002 साली गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी फुटायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. पिल्लं वाळूवर सोडतात आणि दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायचं असतं, हात लावायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, आणि जाण्याआधी गावात फोन करून पिल्लं निघतायत का विचारा. हॉटेल शोधू नका, गावातल्या घरांतच राहण्याजेवणाची सोय होते.