गणित सोडू नका : सूक्ष्म शैवालांच्या हालचालींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलीच्या आईस उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. आपली मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बागेतल्या हौदाचे हिरवे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यापासून ‘हे जीव पोहतात कसे, याचाच अभ्यास मला करायचा आहे’ असे ती म्हणते आणि दुसरीकडे नाशिकमधल्या एका शिकवणीवर्गात आपल्याला गणित सोडून नीटच्या तयारीला लागण्याचा सल्ला मिळाला आहे. अकरावीला कोणते विषय घ्यावेत आणि अशा अभ्यासावर पुढे पोट भरेल का, हे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण प्रवेशाची मुदत कुणासाठी थांबत नाही : जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे.

या आग्रहाचे कारण विषयातच आहे. हौदाच्या हिरव्या पाण्यात क्लॅमिडोमोनास नावाचे एकपेशीय शैवाल पुष्कळदा सापडते. त्याची पेशी सुमारे १० मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते आणि तिच्या पुढच्या टोकाला जवळपास तेवढ्याच लांबीच्या दोन कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी वापरायचे चाबकासारखे बारीक धागे असतात. त्या सेकंदाला साधारण ५० वेळा हलतात आणि पेशी सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर कापते. एवढ्या लहान जीवासाठी पाणी म्हणजे आपल्यासाठी काकवीने भरलेला हौद असावा तसे असते. तिथे जडत्वाला जवळजवळ किंमत नसते आणि कशाभिका थांबल्या की पेशीही तत्क्षणी थांबते. एडवर्ड परसेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवून दिले की अशा परिस्थितीत अवयवाची पुढे जाण्याची हालचाल आणि परत येण्याची हालचाल एकमेकींची हुबेहूब उलट असेल, तर जीव जागचा सरकतच नाही. क्लॅमिडोमोनासच्या कशाभिका मागे रेटताना ताठ असतात आणि पुढे आणताना वाकून अंगालगत येतात, त्यामागचे कारण हेच. ते खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे तर द्रवगतिशास्त्राची समीकरणे वाचता यावी लागतात आणि अकरावी-बारावीचे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) ही त्याची पहिली पायरी आहे.

प्रयोगशाळेतले प्रत्यक्ष काम कसे असते, हे मुलीला आताच सांगायला हवे. दिवसाचा मोठा भाग शैवाले निर्जंतुक माध्यमात वाढवण्यात, त्यांना ठरावीक तासांचा उजेड आणि अंधार देण्यात आणि जिवाणूंचा संसर्ग झालेले फ्लास्क टाकून पुन्हा सुरुवात करण्यात जातो. नंतर सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्याने चित्रफिती घ्यायच्या, संगणकावर एकेका पेशीचा मार्ग आखायचा, आणि दिसलेली हालचाल पेशीची स्वतःची आहे, काचेखालच्या प्रवाहाची आहे की दिव्याच्या उष्णतेने पाणी हलल्यामुळे झाली आहे, हे तपासत बसायचे. ज्या उजेडात आपण पेशी पाहतो तोच तिची चाल बदलू शकतो, म्हणून निरीक्षणासाठी बहुधा लाल प्रकाश वापरतात. या शैवालाचा नेत्रबिंदू, म्हणजे उजेड ओळखणारा पेशीतला ठिपका, निळ्या-हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, लाल प्रकाशाला फारसा देत नाही. एका आलेखासाठी शेकडो पेशींचे मार्ग मोजावे लागतात आणि तेव्हा संख्याशास्त्र व पायथनसारखी संगणकभाषा हाताशी असावी लागते. हा संथपणा ज्याला आवडतो त्यालाच हा अभ्यास मानवतो, असे माझे मत आहे.

मुलीने डॉक्टर व्हावे ही आपली इच्छा आपण मोकळेपणाने लिहिली आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या केसांसारख्या सूक्ष्म रोमकांची आंतररचना आणि या शैवालाच्या कशाभिकांची रचना मुळात एकच आहे, म्हणून रोमकांच्या आनुवंशिक आजारांविषयीचे बरेचसे ज्ञान क्लॅमिडोमोनासच्या अभ्यासातून आले आहे. २००२ आणि २००३ साली याच शैवालाच्या नेत्रबिंदूशी निगडित चॅनेलऱ्होडॉप्सिन या प्रकाशसंवेदी प्रथिनांची ओळख पटली आणि त्यांतून मेंदूच्या पेशी प्रकाशाने चालू-बंद करण्याचे तंत्र उभे राहिले. २०२१ मध्ये तर शैवालांपासून मिळालेल्या अशाच एका प्रथिनाच्या आणि खास चष्म्याच्या साहाय्याने एका अंध रुग्णाला काही प्रमाणात दिसू लागल्याचे प्रसिद्ध झाले. आपली इच्छा आणि मुलीची ओढ यांत आपल्याला वाटते तेवढे अंतर नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय घेतले तर नीटचा मार्गही खुला राहतो. मात्र दोन-दोन प्रवेशपरीक्षांचे शिकवणीवर्ग एकाच वेळी तिच्यावर लादू नयेत, अशी माझी विनंती आहे.

आता पोटापाण्याचे. पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांना सारखे महत्त्व असते. घरापासून दूर पाठवायचे नसेल तर नाशिकच्या एच.पी.टी.–आर.वाय.के. किंवा के.टी.एच.एम. महाविद्यालयातून बी.एस्सी. करून, तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीतून मोठ्या प्रयोगशाळेचा अनुभव घेता येतो. डायटम या काचेसारखे कवच असलेल्या एकपेशीय शैवालांवरचे काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही चालते, ते नाशिकहून फार लांब नाही. पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होईल, याची मनाशी तयारी ठेवावी. त्या काळात नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला ती शिष्यवृत्ती मिळते; २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. शैवालांपासून इंधन किंवा अन्न तयार करणाऱ्या उद्योगांत भरपूर नोकऱ्या मिळतील, या आशेवर मात्र हा मार्ग निवडू नये. सूक्ष्मदर्शकातील चित्रांचे संगणकीय विश्लेषण हे खरे हाताला येणारे कौशल्य आहे. रोगनिदान, औषधनिर्मिती, पाण्याची तपासणी अशा अनेक ठिकाणी त्याला मागणी असते, म्हणून पुढे संशोधनात मन रमले नाही तरी ही वर्षे वाया जाणार नाहीत.

प्रवेशाचे सोपस्कार होईपर्यंतचे दिवस मुलीने रिकामे घालवू नयेत. हौदाचे हिरवे पाणी काचेच्या बरणीत घेऊन तिला काळा कागद गुंडाळावा, एका बाजूला बोटभर फट ठेवावी आणि बरणी थेट उन्हात न ठेवता खिडकीशी ठेवावी. पाण्यात पोहणारी शैवाले पुरेशी असतील तर काही तासांत हिरवा रंग फटीकडे गोळा होतो. नंतर फट दुसऱ्या बाजूला करून पुन्हा पाहावे. गोदावरीच्या दगडांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर असतो त्यात बहुधा डायटम असतात. त्यांतले काही कशाभिका नसतानाही, आपल्या कवचाच्या बारीक चिरेतून चिकट द्रव सोडत काचेवर सरकतात. नदीकाठी तिने मोठ्या माणसासोबतच जावे, आणि पावसाळ्यात तर मुळीच जाऊ नये. महागडा सूक्ष्मदर्शक आताच विकत घेण्याची गरज नाही. शंभरपट मोठे दाखवणारा शाळेचा सूक्ष्मदर्शक, भिंगावर धरलेला मोबाइल आणि इमेजजे ही मोफत संगणकप्रणाली एवढ्यावर पेशीचा वेग मोजता येतो. अंतर मोजण्यासाठी शाळेकडे स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेली काचपट्टी आहे का, हे तिने आपल्या शिक्षकांना विचारावे. निदान वीस पेशींचे वेग, तारीख आणि पाण्याचे तापमान वहीत लिहून ती पाने मला पाठवावीत. ती पाहून पुढच्या वाचनाविषयी तिला स्वतंत्र पत्र लिहीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक