पाऊलखुणा की पाऊलठसा? आणि ऊर्जा अक्षय की नवीकरणीय?

सोलापूरच्या एका वाचकाने महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी लिहिलेलं एक वाक्य पाठवलं आहे : ‘अक्षय ऊर्जेच्या वापराने देशाच्या पर्यावरणीय पाऊलखुणा पुसल्या जातात.’ ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ला पाऊलखुणा म्हणावं का आणि ‘रिन्यूएबल’ला अक्षय चालेल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. वाक्य व्याकरणात बसतं. बिघडलं आहे ते अर्थाच्या बाजूने, आणि सगळ्यांत जास्त ‘पुसल्या’पाशी.

पाऊलखुणा म्हणजे कुणी कुठून गेलं याचा माग. हा शब्द सहसा अनेकवचनी येतो आणि त्याला आकारमान नसतं. तीन हेक्टरच्या पाऊलखुणा असं कुणी म्हणत नाही. मूळ संज्ञेत मात्र माग नाही, क्षेत्रफळ आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम रीस आधी ‘बळकावलेली धारणक्षमता’ अशा अर्थाचा बोजड शब्दप्रयोग करत. नवा संगणक टेबलावर किती थोडी जागा व्यापतो, याचं तंत्रज्ञाने ‘छोटा फूटप्रिंट’ म्हणून कौतुक केलं आणि रीस यांना शब्द सापडला. १९९२च्या लेखात तो आला, आणि मोजण्याची रीत त्यांचे विद्यार्थी माथिस वाकरनागेल यांच्यासोबत पुढे पक्की झाली. ‘या पातेल्याचं बूड लहान आहे’ म्हणताना आपण जे सांगतो, ते या शब्दात आहे. अर्थाने खरं तर ‘व्याप’ सर्वांत जवळचा, पण त्याला कटकटीचा वास येतो. म्हणून एकवचनी ‘पाऊलठसा’ घ्यावा असं मला वाटतं.

त्यातही एक खड्डा आहे. मराठीत ‘ठसा उमटवणे’ ही स्तुती आहे. ‘भारताने पर्यावरणावर ठसा उमटवला’ असं लिहिलंत तर सत्काराचं भाषण वाटेल. पाऊलठसा वाढतो, घटतो, आक्रसतो. उमटत नाही आणि पुसलाही जात नाही.

पुसला का जात नाही, हे हिशेबावरून कळतं. देशातली माणसं जे वापरतात ते पिकवायला आणि त्यांचा कार्बन शोषायला किती जमीन-पाणी लागेल, ते ‘जागतिक हेक्टर’मध्ये, म्हणजे जगाच्या सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरमध्ये मांडतात. खाती सहा : पिकाऊ जमीन, चराऊ जमीन, मासेमारीचं क्षेत्र, वनोपज, बांधकामाखालची जमीन आणि कार्बन शोषणारं जंगल. जगाच्या ठशात या शेवटच्या खात्याचा वाटा सुमारे ६० टक्के. सौर आणि पवन ऊर्जा प्रामुख्याने त्यालाच हात घालते. बाकीची पाच खाती जवळपास होती तिथेच राहतात. भारताचा ठसा माणशी साधारण १.२ जागतिक हेक्टर आणि उपलब्ध जैवक्षमता (देशातल्या जमीन-पाण्याची हे सगळं पुरवण्याची कुवत) सुमारे ०.४, हे लक्षात घेतलं की ‘पुसणे’ किती लांबचं आहे ते दिसतं.

सोलापुरातलं एक घर धरू. गच्चीवर ३ किलोवॉटचे पॅनेल, जागा साधारण ३०० चौरस फूट. एका किलोवॉटमागे दिवसाला ४ युनिट धरले तर वर्षाला सुमारे ४,४०० युनिट. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे वर्षाला ३ टन वाचले. ते शोषायला ढोबळमानाने एक जागतिक हेक्टर जंगल लागलं असतं. हा आकडा खरा ठरतो तो त्या युनिटांनी कोळशाची वीज खरोखर हटवली तर. बिल शून्य आलं म्हणून दुसरा एसी बसवला, तर ती बचत त्यातच जिरते. देशांच्या पातळीवरही असंच फसतं : नवीकरणीय विजेचा टक्का वाढतो, पण कोळशाचे टन कमी होत नाहीत. ठसा टनांवर ठरतो, टक्क्यावर नाही.

शिवाय हा ठसा वापरणाऱ्याचा असतो, बनवणाऱ्याचा नव्हे. देशाच्या उत्पादनात आयात मिळवतात, निर्यात वजा करतात. सोलापूरचा टॉवेल परदेशी गेला की त्यासाठी आहेरवाडीच्या १३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी जळालेल्या कोळशाचा कार्बन टॉवेल घेणाऱ्या देशाच्या खात्यावर जातो. उलट, चीनमधून आणलेल्या पॅनेलचा कार्बन आपल्या नावावर चढतो.

आता ‘अक्षय’. सूर्य आणि वाऱ्यापुरता तो चपखल आहे. पण रिन्यूएबलमध्ये सरपण आणि उसाचं चिपाडही येतं, आणि ते क्षय पावतं. फक्त पुन्हा वाढू दिलं तर परत मिळतं. सरपण वनोपजाच्या खात्यात मोजलं जातं, इथेनॉलसाठी मुद्दाम लावलेलं पीक पिकाऊ जमिनीच्या. म्हणजे ऊर्जा नवीकरणीय असूनही ठसा वाढू शकतो. साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीत (चिपाड जाळून केलेल्या विजेत) मात्र उसाचं रान साखरेपायी आधीच धरलेलं असतं, चिपाडासाठी वेगळी जमीन लागत नाही. (त्या उसाने प्यालेलं उजनीचं पाणी या हिशेबात येतच नाही, त्याला ‘जलठसा’ ही वेगळी संज्ञा आहे.) म्हणून व्यापक अर्थाने ‘नवीकरणीय’ लिहावं. ‘नूतनीकरणक्षम’ चूक नाही, पण लांबलचक आहे, आणि ‘कार्यक्षम’च्या चालीवर वाचलं तर ऊर्जाच कशाचं तरी नूतनीकरण करतेय असं वाटतं. ‘अपारंपरिक’ तर गमतीचाच शब्द : खळ्यावर वाऱ्याने उफणणं आणि चुलीत शेणी घालणं याहून पारंपरिक काय असतं? केंद्राच्या मंत्रालयाने २००६मध्ये तो नावातून काढला. आपल्या बोलण्यात तो अजून आहे.

आणखी एक शब्द जपून वापरा : ‘पडीक’. जमिनीवरच्या सौर प्रकल्पाला मेगावॉटमागे चार-पाच एकर लागतात आणि त्यासाठी माळरान सहज ‘पडीक’ ठरतं. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी अशाच माळावरचा. पाऊलठशाच्या हिशेबात ती जमीन फार तर चराऊ खात्यातून बांधकामाच्या खात्यात सरकते. पक्षी कुठल्याच खात्यात नसतो.

तेव्हा वाक्य असं करता येईल : ‘नवीकरणीय ऊर्जेने कोळशाची जागा घेतली, तर देशाचा पर्यावरणीय पाऊलठसा घटतो.’ सामान्यरूप ‘घसा–घशाला’प्रमाणे ‘पाऊलठशाला’ होतं, ‘पाऊलठश्याला’ नको.