केगमधील गढूळ बिअर

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. घरी केलेली पेल एल (एक फिकट रंगाची बिअर) १९ लिटरच्या केगमध्ये, म्हणजे बिअरच्या बंद धातूच्या पिंपात, भरून चार दिवस झाले, तरी ती गढूळच उतरते. काय करावे?

उत्तर : आंबवण पूर्ण झाल्याची खात्री असेल, तर केग फ्रिजमध्ये १ ते २ अंश सेल्सिअसवर ठेवावा. बिअर गार झाली, की अर्धा चमचा बिनवासाचे जिलेटिन पाऊण कप थंड पाण्यात भिजवून, ते पाणी ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवावे (उकळू मात्र देऊ नये, कारण त्याने जिलेटिनची पकड जाते) आणि केगमध्ये ओतून आतली हवा कार्बन डायऑक्साइडने काढून टाकावी. जिलेटिन यीस्टला आणि थंडीत धूसरपणा आणणाऱ्या प्रथिनांना धरून दोन दिवसांत तळाशी बसते. केगमधून बिअर बाहेर आणणारी नळी तळापर्यंत जात असल्याने पहिला ग्लास चिखलासारखा येईल. तो ओतून द्यावा. त्यानंतर केग जागचा हलवू नये, अन्यथा बसलेला गाळ पुन्हा वर येतो.

जिलेटिन प्राणिजन्य असते, हे शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगणे मला अत्यावश्यक वाटते. ते नको असल्यास, केवळ थंडीत दोन-तीन आठवडे थांबूनही बिअर बरीच निवळते.