बरं वाटतंय त्या दिवसांचा पंप

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे, तासगाव तालुक्यात राहते. आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. लहानपणी बाळदमा होता, मग तो गेला. तीन वर्षांपूर्वी रात्रीचा खोकला आणि घरघर पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा दम लागला तर. रोजचा पंप ऑगस्टपासून घेतला आणि दिवाळीपर्यंत छान झालं. सासूबाई म्हणाल्या, आता कशाला घेतेस, सवय लागेल. शेजारच्या बाईंनी सांगितलं, त्यात स्टिरॉइड असतं, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. डिसेंबरात मी तो बंद केला. मार्चमध्ये शेडवर काम चालू असताना रात्री दोन वाजता मला सांगलीला ॲडमिट करावं लागलं. आता परत तोच पंप दिलाय. आयुष्यभर घ्यायचा का? आणि शेजारीण म्हणते ते खरं का?

उत्तर : ताई, पहिल्यांदा माझीच गोष्ट सांगते. मी छातीची डॉक्टर, आणि दमेकरीसुद्धा. एम.डी.च्या परीक्षेआधी चार महिने मला अजिबात त्रास नव्हता, म्हणून रोजचा पंप मी कपाटात टाकला. परीक्षेच्या आदल्या रात्री मी माझ्याच वॉर्डात ऑक्सिजन लावून पडले होते आणि माझी ज्युनियर मला विचारत होती, ‘मॅडम, पंप कधीपासून बंद केलात?’ पुस्तकात सगळं पाठ होतं. तेव्हा तुम्हाला रागवायचा मला काही अधिकार नाही.

तुमच्या दोन पंपांत घोळ होतो तो एवढ्याचसाठी की, दमाचा, म्हणजे दम लागल्यावर घ्यायचा पंप घेतला की पाच मिनिटांत कळतं. श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळलेले असतात, ते सैल पडतात, छाती मोकळी होते. माणूस त्याच्यावर जीव टाकतो. रोजच्या पंपाचं तसं नाही. तो घेतला तरी त्या क्षणी काहीच वाटत नाही. त्याचं काम आतली सूज उतरवण्याचं, आणि ते हळूहळू होतं. फरक कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पुरता गुण यायला दोन-तीन महिने. बंद केल्यावरही दुसऱ्या दिवशी काही होत नाही. सूज चोरपावलांनी परत येते. तुम्ही डिसेंबरात बंद केला, मार्चमध्ये भोगलं. मधले तीन महिने ‘बघ, पंपाशिवाय काही होतंय का’ असंच सगळ्यांना वाटलं असणार.

तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्या या पानांच्या रोगासाठी फवारण्या कधी सुरू करता? पानावर पिवळे डाग दिसल्यावर? तसं करणाऱ्याला गावात हसतील. रोजचा पंप ही ती आधीची फवारणी आहे.

आता गंधकाचं. बेदाणा पिवळा राहावा म्हणून शेडला जी धुरी देतात, तो सल्फर डायऑक्साइड असतो. धडधाकट माणसाला त्यानं ठसका लागतो. दमेकऱ्याच्या सुजलेल्या नळ्या मात्र काही मिनिटांत आवळतात. त्यात तुम्ही तीन महिने औषधाविना होतात. धुरी देताना आणि शेडवरचा कागद उघडताना तुम्ही तिथे नसावं, हे घरात स्पष्ट सांगा. तोंडाला ओढणी बांधून वायू अडत नाही, धूळ थोडी अडते एवढंच. निवडायच्या कामाला बसा, पण धुरीच्या दिवशी नाही.

स्टिरॉइड. हा शब्द ऐकला की लोकांचे चेहरे पडतात, आणि ते अगदीच उगाच नाही. पोटातून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. शेजारीणबाईंनी असं कोणीतरी पाहिलं असेल. पण मात्रा बघा. २०० मायक्रोग्रॅमचा पंप दोन वेळा म्हणजे दिवसाचे ४०० मायक्रोग्रॅम. अटॅक आला की आम्ही प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या देतो, बहुधा ४० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. झाले २०० मिलिग्रॅम, म्हणजे २ लाख मायक्रोग्रॅम. तुमचा पंप ५०० दिवस घेतला तर तेवढा आकडा होतो. औषधं वेगळी आहेत, त्यांची ताकद वेगळी आहे, तेव्हा हा हिशेब सोनाराच्या तराजूवरचा नाही. पण सांगलीच्या त्या एका फेरीत शरीरात किती स्टिरॉइड गेलं आणि ते टाळण्यासाठी रोज किती लागलं असतं, याचा अंदाज त्यातून येतो. शिवाय पंपातलं औषध थेट नळीत पडतं. जे गिळलं जातं, त्यातलं बुडेसोनाइडसारखं पंपातलं स्टिरॉइड यकृत पहिल्याच फेरीत जवळजवळ ९० टक्के निकामी करतं. मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतलं तर मोतीबिंदू, हाडं, त्वचा यांवर परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. म्हणून तर डॉक्टर कमीत कमी किती पुरेल ते शोधत असतात.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकते. पंपातल्या स्टिरॉइडला घाबरणारी माणसं नाव नसलेल्या पुड्या बिनधास्त घेतात. कोजागिरीला खिरीतून औषध मिळतं म्हणून रात्रभर रांग लावणारे मला माहीत आहेत. मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळून आलेलेही माझ्यासमोर बसलेत. त्याबद्दल मी वाद घालत नाही, फक्त ‘रोजचा पंप चालू ठेवून जा’ म्हणते. पण रोज घ्यायच्या पुड्या निराळ्या. ‘एकदम गुण आला, भूकही वाढली’ असं सांगत कोणी गोल गरगरीत चेहऱ्यानं समोर आलं की मी आधी साखर तपासते. अशा काही पुड्यांत कुटून घातलेलं स्टिरॉइडच असतं, तेही किती ते न सांगता. कोणी घेत असेल तर एका दिवसात तोडून टाकू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या देखरेखीखाली कमी करा.

आयुष्यभर का, याचं उत्तर आज कोणी देऊ शकणार नाही. तीन महिने सलग बरं राहिलं, रात्री जाग येत नाही, दमाचा पंप जवळजवळ लागत नाही, असं झालं की डॉक्टर मात्रा उतरवतात, पाव ते निम्म्यानं. पुन्हा काही महिने बघतात. काहींचं अगदी थोडक्यावर भागतं. तुमच्या बाबतीत मी बेदाण्याच्या हंगामात मात्रेला हात लावणार नाही. जून-जुलैत बघू म्हणेन, तेही पावसाळी सर्दी नसेल तर.

आणि पंप घेता कसा, ते पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. ‘येतं मला’ असं सांगू नका, दाखवा. पंप हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटून, सावकाश आत ओढायला लागतानाच दाबायचं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटानं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला तर हात आणि श्वास यांचा मेळ घालायची कसरत वाचते, पण एका वेळी एकच पफ, दोन एकदम भरायचे नाहीत. कॅप्सूलचं मशीन असेल तर उलटं, तिथे जोरात आणि खोल ओढायचं, आतलं टरफल खडखडलं पाहिजे. हे ज्याला त्याला दाखवावंच लागतं. माझ्याकडे एक काका तीन महिने ‘औषधाचा काही उपयोग नाही’ म्हणून येत होते. एकदा म्हटलं, घेऊन दाखवा. त्यांनी खिशातून डबी काढली, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाण्याचा तांब्या मागितला. कोणी मशीन दिलंच नव्हतं. चिठ्ठीवर ‘दिवसातून दोन वेळा’ एवढंच होतं.

दोन्ही पंप सारखे दिसत असतील तर दमाच्या पंपाला रबरबँड गुंडाळा, अंधारात हाताला कळेल. रोजच्या पंपावर सुरू केल्याची तारीख लिहा आणि दिवसाचे पफ मोजून तो कधी संपेल तेही. पाण्यात तरंगतो की बुडतो यावरून काही कळत नाही. औषध संपल्यावरही तो फुस्स करत राहतो. आणि दमाचे पंप वर्षाला तीन किंवा जास्त संपत असतील तर ती धोक्याची सूचना समजा.

त्या मार्चच्या रात्रीसारखं पुन्हा झालं, वाक्य एका दमात पुरं होईना किंवा ओठ निळसर दिसले, तर दमाच्या पंपाचे स्पेसरमधून एकेक करून चार पफ घ्या आणि त्याच वेळी घरच्यांना गाडी काढायला सांगा. ‘थोडं थांबून बघू’ नको. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. त्या काळजीपोटीच बोलल्या असणार.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातला कीर्तनकार, वय ५८. रोजचा पंप सुरू झाल्यापासून दमाचा त्रास थांबला, पण आवाज बसतो. सप्ताहात दोन तास उभं राहायचं असतं, वरची पट्टी लागत नाही. रोजचा बंद करून फक्त दमाचा पंप ठेवला तर चालेल का?

उत्तर : बुवा, आवाजावर पोट असलेल्या माणसाची ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. औषध नळीत जाताना थोडं घशात आणि स्वरतंतूंवर बसतं, त्यानं आवाज घोगरा होतो. काहींच्या तोंडात पांढरी बुरशीही धरते. पण नुसता दमाचा पंप ठेवणं हा उपाय नाही. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘जिना’ या संस्थेनं २०१९ पासून मोठ्या माणसांना एकट्या साल्ब्युटामॉलवर, म्हणजे दमाच्या पंपातल्या औषधावर, ठेवू नका, असं सांगितलंय. स्नायू सैल होतात, आत सूज तशीच राहते.

मग काय करायचं? प्रत्येक वेळी पंपानंतर खळखळून गुळण्या करा, आणि पाणी थुंका. गिळू नका. स्पेसर वापरा. बुरशी त्यानं नक्की कमी होते, घोगरेपणा मात्र काहींचा जातो, काहींचा राहतो. कीर्तन रात्री असेल तर संध्याकाळचा पफ कीर्तनानंतर घ्यायचं डॉक्टरांशी ठरवून घ्या. एवढ्यानं भागलं नाही तर औषध बदलता येतं. सिक्लेसोनाइड नावाचं एक औषध फुफ्फुसात पोचल्यावरच कामाला लागतं, त्याबद्दल विचारा. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, त्यातून तंबाखूची सवय असेल, तर सगळं पंपाच्या माथी न मारता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून एकदा स्वरयंत्र बघून घ्या.

जाता जाता, बुक्का आणि धूप. कीर्तनाआधी गाभाऱ्यात धूप भरून राहिलेला असतो, आणि बुक्का लावणारे हात तुमच्या नाकासमोरच असतात. विणेकऱ्यांना सांगून थोडं मोकळ्यावर उभे राहा.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला रोजचा पंप दिलाय. उंची खुंटते का? (ठाणे)

उत्तर : थोडी. अमेरिकेत ५ ते १३ वर्षांच्या मुलांना चार ते सहा वर्षं रोज बुडेसोनाइड दिलं आणि ती मुलं मोठी झाल्यावर उंची मोजली. २०१२ मध्ये आकडे आले. औषध नसलेला पंप घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी. फरक पडतो तो पहिल्या एक-दोन वर्षांत, पुढे दरवर्षी वाढत जात नाही. उलट, दमा आटोक्यात नसलेलं मूल नीट झोपत नाही, खेळत नाही, वारंवार गोळ्यांचं स्टिरॉइड घेतं, आणि त्याचीही वाढ रखडते. दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारून तारीख टाका आणि डॉक्टरांना सांगा. माझ्या आईनं तशा रेघा मारल्या होत्या. मी पाच फूट एक इंच आहे. पण आमच्या घरात कोणी उंच नाहीच.

प्रश्न : एकादशीला पंप चालतो का? आणि कॅप्सूलचं टरफल कशाचं असतं? (पंढरपूर)

उत्तर : औषध फुफ्फुसासाठी असतं, पोटासाठी नाही. टरफल कधी जिलेटिनचं असतं, कधी वनस्पतीजन्य, पण ते मशीनमध्येच राहतं, तुम्ही ओढता ती फक्त पूड. त्या पुडीत दुधातली साखर कालवलेली असते, ती उपासाला चालते. गुळणीचं पाणी थुंकायचंच आहे, त्यामुळे निर्जळीवाल्यांचीही अडचण नाही.